तीन फुटांचा वेढा

घोडा आला तो ट्रकमधून, ताडपत्रीत गुंडाळलेला आणि चारही पाय फळ्यांना आवळलेले. जुन्या धक्क्यावर क्रेनने त्याला उचललं तेव्हा ताडपत्री एका अंगाने सुटली आणि समुद्रावर उगारलेला पुढचा खूर तेवढा बाहेर आला. धक्क्यासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बखरकाका उभे होते. त्यांच्या मागे पलंगावर उशांना टेकून त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, डोळे बरे, कान गेलेले.

"काय आणलंय एवढं?" त्यांनी विचारलं.

"पुतळा," काका मोठ्याने म्हणाले.

"कुणाचा?"

उत्तर काकांच्या बायकोने दिलं, स्वयंपाकघरातून, शेंगा मोडता मोडता. "यांच्या जिभेचा."

सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही. काकांना गेलं. ऐकू जावं म्हणूनच तर बोललेलं होतं ते.

आता हे बखरकाका कोण, ते सांगायला हवं. तरुणपणी ते जकातघरात कारकून होते. गाव बघायला पाहुणे येत, आणि साहेबांना त्यांच्याबरोबर उन्हात हिंडायचा कंटाळा. एके दिवशी साहेबांनी या कारकुनाला पुढे केलं, म्हणाले, जा, यांना जरा धक्का दाखवून आण. कारकून गेला तो परत खुर्चीवर नीट बसलाच नाही. माणसाला देवाने एखादीच गोष्ट हातचं न राखता द्यावी, तशी त्याला वाणी दिली होती. जकातघराची घंटा, बर्फाच्या कारखान्याचा भोंगा, मासळीबाजारातल्या दगडी ओट्यांवर सुऱ्यांनी पडलेल्या खाचा, सगळं त्याच्या तोंडून ऐकताना डोळ्यांपुढे उभं राही. नोकरी सुटली, केस पिकले, लोक त्यांना बखरकाका म्हणू लागले आणि शहराचा इतिहास म्हणजे बखरकाका सांगतील तो, असं होऊन बसलं.

इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट धक्क्याच्या पायऱ्यांवर घडलेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या एका वादळात उतारूंचं जहाज समोरच्या खडकांवर आपटून दुभंगलं. होड्या घालायची सोय नव्हती. लाटा पायऱ्या चढून रस्त्यावर येत होत्या. तेव्हा धक्क्यालगत दोरखाना होता, एक लांबच लांब पडवी. दोर वळणारा माणूस कमरेला तागाचा पेंडा बांधून, तंतू सोडत सोडत मागे मागे चालत जाई, पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अख्खी हयात उलटी चालायची. तिथला एक दोरवाला त्या दिवशी नव्या दोराचं टोक कमरेला बांधून पाण्यात उतरला. जहाजापर्यंत पोचला. त्या दोराच्या आधाराने एकोणीस माणसं काठाला आली. शेवटी उरले दोघं, जहाजाचा आचारी आणि दोरवाला स्वतः. डोलकाठी कडकडायला लागली होती. दोरवाल्याने कमरेचा वेढा उतरवला आणि आचाऱ्याच्या डोक्यावरून घातला. काठावरच्यांनी दोर ओढला. आचारी आला. दोरवाला आला नाही.

त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिच्या पोटातली लेक म्हणजे या पलंगावर बसलेल्या सासूबाई.

बापाची म्हणून त्यांच्याकडे वस्तू एकही नव्हती. होतं ते एक वाक्य, आईकडून आलेलं: "तुझा बाप जन्मभर उलटा चालला, एकदाच सरळ चालला तो पाण्यात." दुपारचा चहा हातात आला की सासूबाई ते वाक्य म्हणत. रोज. काकूंना ते लहानपणापासून पाठ होतं, काकांना लग्नापासून.

मग यात घोडा कुठून आला?

त्याचं असं झालं. पहिल्याच हंगामात काकांनी पायऱ्यांवर उभं राहून दोरवाल्याची गोष्ट जशी होती तशी सांगितली. पाहुणे ऐकत होते, पण ऊन होतं, आणि एक बाई भिंतीतल्या लोखंडी कडीकडे बघत होती. गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, ही कडी कसली? काका म्हणाले, बंदराचे साहेब इथे आपला पांढरा घोडा बांधत. हे खरंच होतं. बाईचा चेहरा उजळला. "मग वादळात तो इथेच होता?" काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "असणारच."

बस्स, एवढंच. पुढच्या आठवड्यात घोडा कडीला हिसके देऊ लागला. महिन्याभरात त्याने दावं तोडलं. हंगाम सरता सरता तो पायऱ्या उतरून पाण्यात गेला, आणि दुसऱ्या वर्षी दोर त्याच्याच छातीला बांधलेला होता. काकांनी एकदम मोठं खोटं कधी केलंच नाही. ते चमचा चमचा घालत गेले, समोरच्यांचे डोळे बघत. डोळे जिथे भरून येत तिथे थांबायचं, जिथे कोरडे राहत ते काढून टाकायचं. असं काढता काढता एके वर्षी दोरवालाच निघून गेला.

लग्न झालं त्या वर्षी काकू एकदा पाहुण्यांच्या मागे मागे हिंडल्या होत्या. घरी येऊन चप्पल काढत म्हणाल्या, "घोड्याला पोहायला कुणी शिकवलं?"

"अगं, लोकांना आवडतं," काका म्हणाले होते. "दोर कुणी वळला ते मी सांगतोच की. तुझे आजोबा आहेत त्यात."

"आहेत ना. हातभर दोर देऊन घरी गेलेत."

"एकदा नीट सांगीन. सगळं सांगीन. जरा माणसं जाणती येऊ देत."

त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. दरम्यान घोडा बसच्या तिकिटावर आला, नगरपालिकेच्या शिक्क्यावर आला. दोरखान्याच्या पडवीत हॉटेल निघालं, त्याच्या पाटीवर घोडा. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काकांना बघून रोज हाक मारी, "काय काका, घोडा काय म्हणतो?" आणि काका रोज म्हणत, "चारा मागतोय." दोघंही रोज हसत.

त्या दिवशी क्रेन निघून गेल्यावर काकूंनी हात पुसले आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"चव्वेचाळीस वर्षं मी एक शब्द काढला नाही," त्या म्हणाल्या.

"आत्ता शेंगा मोडताना काढलास तो?"

"थट्टा नको. बोलण्यात होतं तोवर म्हटलं, वाऱ्यावरची गोष्ट आहे, वाऱ्यावर जाईल. आता ओतीव आहे ते. माझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही हलणार नाही." मग आईकडे न बघता म्हणाल्या, "आईला एकदा ऐकू दे. लाऊडस्पीकर असणार ना? त्यावर तिला ऐकू येतं. तिच्या बापाने काय केलं ते चार माणसांत एकदा बोललेलं ऐकू दे तिला. मग मी काही मागायची नाही."

काका म्हणाले, "उद्या संग्रहालयात जाऊ. पुतळ्याचं सगळं तिथूनच चाललंय."

संग्रहालय म्हणजे जुनं जकातघरच. जिथे काका कारकून म्हणून बसत तिथे आता काचेची पेटी होती आणि पेटीत तो दोर, डांबराने काळा पडलेला, टोकाला गाठ मारलेला वेढा. खाली छापील पट्टी: वादळात अश्वाच्या छातीला बांधलेला दोर. वेढ्याचं माप, तीन फूट.

संग्रहालयाच्या बाई चाळिशीच्या, चटपटीत आणि मनाने चांगल्या. त्यांनी खुर्च्या मागवल्या. काकूंना बसायचं नव्हतं.

"बाई, ही पट्टी तुम्ही वाचलीत का?"

"मीच लिहिली काकू."

"तीन फूट. घोड्याची छाती केवढी असते?"

बाई हसल्या. "मूर्तिकारही हेच म्हणाले. त्यांनी पुतळ्यासाठी मोठा वेढा ओतला शेवटी. जुना दोर आटतो ना."

"दोर लांबीत आटतो. गाठ पडल्यावर वेढा अर्धा होत नाही. माझ्या आजीने मला दोर वळायला शिकवलंय." काकूंनी काचेवर बोट ठेवलं. "या वेढ्यात घोड्याचा एक पाय आणि शेपूट मावेल फार तर. हा माणसाच्या कमरेचा आहे. रोज शंभर माणसं बघून जातात, आणि कुणाला दिसत नाही."

बाईंचं हसू मावळलं. त्या पेटीशी वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग कपाटातून एक फाइल काढून त्यांनी टेबलावर उघडली.

"काका, माझ्याकडे कागद एकच आहे. तुमची जबानी. दोन वर्षांपूर्वी आपण लिहून घेतली होती." त्यांनी बोटाने ओळ दाखवली. "'ही हकिगत मी माझ्या आजोबांकडून ऐकली, त्यांनी घोडा डोळ्यांनी पाहिला.' खाली तुमची सही."

काकांनी सही बघितली. झोकदार होती. कॅमेरा लावलेला होता त्या दिवशी, आणि नगराध्यक्ष शेजारी उभे होते.

"यात काही बदल आहे का?" बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता. "असेल तर सांगा. पुतळा मी हलवू शकत नाही, पण चौथऱ्यावरचा फलक अजून छापायचाय. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. दोरवाल्याची हकिगत त्यावर घालते, पट्टीही बदलते. फक्त मला लिहून द्या, की आधीची जबानी खरी नव्हती."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर पेन ठेवलं.

खोलीत पंखा फिरत होता. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्या दोराकडे बघत होत्या. एवढं सोपं असेल असं काकांना वाटलं नव्हतं. भांडण होईल, बाई उडवून लावतील, आपण हात चोळत परत येऊ, असं काहीतरी ते मनाशी धरून आले होते. इथे तर दार सताड उघडं होतं, आणि आत जायला वाकावं लागत होतं ते फक्त त्यांना.

कागद त्यांनी उचलला. त्याच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"फलक कोण वाचतं बाई?" ते म्हणाले. "मी उद्घाटनाला बोलणारच आहे. पाच हजार माणसांपुढे, लाऊडस्पीकरवरून सांगतो. कागदापेक्षा ते बरं."

"सांगाल?" काकूंनी विचारलं.

"सांगतो म्हटलं ना."

परतताना काकू फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीने चालत होत्या. एरवी दोन पावलं पुढे असत. बर्फाच्या कारखान्यापाशी त्यांनी काकांची बाही धरली, रस्ता ओलांडायला, आणि पलीकडे गेल्यावरही धरून ठेवली. काकांना त्याचं ओझं वाटलं आणि सुखही वाटलं.

शुक्रवार आला आणि गेला. कागद खिशातच होता.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. धक्का झाडूनपुसून लख्ख केलेला. मासळीबाजार एक दिवस बंद ठेवलेला, म्हणून मासळीवाल्या ओट्यांऐवजी खुर्च्यांवर, इस्त्रीच्या कपड्यांत, ओळखू न येणाऱ्या. पंक्चरवाला पोरांना घेऊन आला होता. सासूबाईंची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेत, लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासमोर, काकूंनी सांगून ठेवून घेतली होती. त्यांना ठेवणीतली शाल पांघरली होती.

"आज माझ्या बापाचं बोलणार ना?" सासूबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"हो आई. जावई बोलणार. नीट ऐक."

नगराध्यक्ष बोलले, बराच वेळ. मग म्हणाले, ज्यांच्या मुखातून या शहराला आपला घोडा मिळाला, त्या बखरकाकांना मी विनंती करतो. टाळ्या झाल्या. काका माईकपाशी गेले. त्यांच्या मागे झाकलेला पुतळा, कापड वाऱ्याने फडफडत होतं.

"मंडळी," काका म्हणाले, आणि धक्का शांत झाला. ती शांतता त्यांच्या अंगवळणी पडली होती, भाकरी जशी हाताला ओळखीची असते तशी. "आज मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. तो दोर वळायचा."

पहिल्या रांगेत सासूबाईंची मान वर झाली. काकूंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

काका सांगत गेले. पडवी सांगितली, कमरेचा तागाचा पेंडा सांगितला, उलटी चाल सांगितली. पण ही गोष्ट त्यांच्या तोंडातून चव्वेचाळीस वर्षं निघाली नव्हती. कुठे थांबायचं ते जिभेला ठाऊक नव्हतं. ओळी कोरड्या पडत होत्या. मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. एका मासळीवालीने शेजारणीला काहीतरी विचारलं, दुसरीने खांदे उडवले. नगराध्यक्षांनी घड्याळ बघितलं. काकांना पाच हजार माणसं हातातून निसटताना दिसत होती, ओल्या दोरासारखी, आणि तळहात भाजत होते.

"...तो पायऱ्यांवर आला," काका म्हणाले. "समोर जहाज फुटत होतं. लाटा अशा उंच. आणि तो..."

पुढे बसलेल्या पोरांतून एक चिमुरडी उभी राहिली. चार-पाच वर्षांची असेल. तिने अगदी स्वच्छ विचारलं, "घोडा कुठंय?"

धक्काभर हसू फुटलं. मायेचं हसू होतं ते. पाच हजार चेहरे एकदम उजळले आणि काकांकडे वळले, त्या पहिल्या बाईचा चेहरा उजळला होता तसे.

"घोडा?" काका म्हणाले. आवाज त्यांचा होता, बोलत मात्र दुसरंच कुणीतरी होतं. "घोडा काय करत होता सांगू? घोडा भिंतीच्या कडीला हिसके देत होता."

मग काही राहिलं नाही. दावं तुटलं, टापा पायऱ्यांवर वाजल्या, पांढरी आयाळ लाटेत दिसेनाशी झाली आणि पुन्हा दिसली. असं त्यांनी जन्मात सांगितलं नव्हतं. पंक्चरवाला, ज्याने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, तो डोळे पुसत होता. एकोणीस माणसं काठाला आली, घोडा शेवटच्या लाटेत गेला, काकांनी हात वर केला, आणि कुणीतरी नेमक्या वेळी दोरी ओढली. कापड खाली आलं. उन्हात घोडा झळाळून उठला, छातीला ओतीव दोर, सहा फुटांचा वेढा.

टाळ्या थांबेनात. काका वळले तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं, आणि तरी बघितलं.

सासूबाई दोन्ही हात जोडून पुतळ्याकडे बघत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी लेकीचा हात ओढला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "हा माझ्या बापाचा घोडा?"

काकूंनी आईकडे बघितलं. त्या तोंडावर अठ्ठ्याऐंशी वर्षांत कधी नव्हता असा आनंद होता. मग त्यांनी काकांकडे बघितलं, सरळ, फार वेळ नाही. जन्मात खोटं न बोललेली ती बाई आईच्या कानाशी वाकली.

"हो आई," ती म्हणाली. "त्यांचाच."

घरी आल्यावर भांडण झालं नाही. काकांनी दोनदा विषय काढला, काकू म्हणाल्या, "आमटी निवतेय." खिशातला कागद त्यांनीच धुवायच्या कपड्यांतून काढला, घड्या सरळ केल्या, आणि दुधाच्या पातेल्याखाली ठेवला. कोराच होता, त्याला काय.

आता रोज सकाळी त्या आईची खुर्ची खिडकीशी नेतात. सासूबाई म्हणतात, सांग. आणि काकू सांगतात, कानाशी तोंड नेऊन, ओरडून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं: तुझ्या बाबांनी घोडा कसा पाळला, त्याला पोहायला कसं शिकवलं. छान सांगतात. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक आहे. काका शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतात आणि पान उलटत नाहीत.

दुपारचा चहा काकाच नेऊन देतात. ते वाक्य त्या रविवारपासून घरात कुणी बोललेलं नाही. परवा कप हातात देऊन ते पलंगाच्या कडेला बसले, वाट बघितली, आणि शेवटी स्वतःच त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "आई, तुमचे वडील जन्मभर उलटे चालले ना?"

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं, मग जावयाकडे, अशा नजरेने की याच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय.

"काहीतरीच काय बोलता जावईबापू," त्या म्हणाल्या. "घोडा कधी उलटा चालतो का?"